अर्धा फेरा जास्त

यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केल्यावर ते मत बाळगायचा त्यांना हक्कही होता. दुकानात यंत्र आलं की ते आधी यंत्राकडे बघतही नसत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे, लांबट वही उघडायचे आणि विचारायचे, "बिघडायच्या आधी काय केलं होतंत?"

गिऱ्हाईक म्हणायचं, "काही नाही."

मिस्त्री तारखेपुढे शांतपणे 'काही नाही' असं लिहायचे. मग यंत्राचं झाकण उघडायचे आणि आतून मोडकी सुई, कोटाचं बटण, एकदा तर अख्खी अंगठी काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. चाळीस वर्षांत "मी केलं" असं म्हणणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. फार तर "कुणीतरी केलं असेल" इथपर्यंत लोक यायचे. या 'कुणीतरी'इतका बिलंदर माणूस जगात दुसरा नसेल, असं मिस्त्री म्हणायचे. तो प्रत्येक घरात राहायचा आणि कधीच कुणाला दिसायचा नाही.

दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, पण हाताची खाज काही गेली नव्हती. घरातल्या एकाही दाराचा आता आवाज येत नसे. खिडक्यांच्या बिजागऱ्या, खुर्च्यांचे पाय, पंखे, नळ, सगळ्यांची तोंडं मिस्त्रींनी बंद केली होती. खिशात पेन ठेवावं तसा ते खिशात स्क्रू ड्रायव्हर ठेवायचे. त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची, "या घरात कुरकुरायचा हक्क आता फक्त मलाच उरलाय."

अशा घरात एक यंत्र तीन आठवडे बिघडलेलं असावं आणि मिस्त्रींना कुणी हात लावू देऊ नये, हे त्यांना लागलं होतं. यंत्र होतं सूनबाईचा कॉम्प्युटर.

सूनबाईचं काम जरा निराळं होतं. जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात एक मुलगी शिकत होती, तिला ऐकू येत नसे. वर्गात सर बोलायचे ते इंटरनेटवरून सूनबाईच्या कानात यायचं, आणि ती ऐकता ऐकता टाइप करत जायची. क्षणभरात तेच शब्द त्या मुलीच्या बाकावरच्या पडद्यावर उमटायचे. सूनबाईच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती, तिच्यात वर्ग दिसायचा आणि पहिल्या बाकावर ती मुलगी, केस घट्ट बांधलेली, मान खाली घालून वाचणारी. कामाचा नियम एकच होता. बोललेलं जसंच्या तसं लिहायचं, पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. सर खोकले तर कंसात 'खोकला' असंसुद्धा लिहायचं.

आणि हा कॉम्प्युटर मधेच निळा पडायचा. कधी अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनी, कधी दिवसभर नाही. एकदम सगळी स्क्रीन निळी, वर एक रडकं तोंड आणि खाली इंग्रजी अक्षरांचं काहीतरी अगम्य, तेही दर वेळी वेगळं. मग आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. घरात या प्रकाराला 'निळं होणं' असंच नाव पडलं होतं. कॉम्प्युटरच्या दुकानातला इंजिनिअर एकदा येऊन सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून गेला होता. दोन दिवस बरे गेले आणि शनिवारी भर तासात पुन्हा निळं झालं.

सोमवारी सकाळी, हे काम देणाऱ्या संस्थेच्या बाईंचं पत्र आलं. चहा पिता पिता सूनबाईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. गुरुवारी दहा ते एक परीक्षेआधीचा मोठा तास आहे. बिघाड नेमका कशामुळे होता आणि त्यावर काय केलं, हे बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत लिहून कळवावं. 'दुरुस्त झालं आहे' असं यापूर्वी तीनदा कळवण्यात आलं आहे. कारण कळलं नाही, तर हे काम नाइलाजाने दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.

"बरोबरच आहे त्यांचं," सूनबाई म्हणाली. ती रडणाऱ्यातली नव्हती, पण कप तिने दोन्ही हातांनी धरला होता. "शनिवारी सरांनी काहीतरी विनोद केला, आणि नेमकं तेव्हाच निळं झालं. मी धावत जाऊन मोबाइलवर वर्ग लावला. सगळे हसत होते आणि ती एकटी इकडेतिकडे बघत होती, कशाला हसतायत म्हणून. तेवढं बघून मला कसंतरीच झालं."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "बुधवारी सहा ना? आज सोमवार. पुष्कळ वेळ आहे."

"बाबा, हे शिवणयंत्र नाही हो."

"यंत्र आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर," म्हणून मिस्त्री वही आणायला उठले.

वहीत नवं पान उघडलं गेलं. सूनबाईला समोरच्या खुर्चीत बसवलं गेलं. "बिघडायच्या आधी काय केलं होतंस?"

"काही ना..." म्हणता म्हणता तिला हसू आलं, कारण सासऱ्याच्या दुकानातल्या गोष्टी तिने चिकार ऐकल्या होत्या. "खरंच काही नाही हो. मी चार दिवस आईकडे गेले होते ना, अकरा तारखेला आले. आल्यावर एक अपडेट आलं, ते होऊ दिलं. बाराला पहिल्यांदा निळं झालं."

मिस्त्रींनी लिहिलं: बारा तारीख. अपडेट. मग त्यांनी बायकोकडे मोर्चा वळवला.

"मी रोज फडक्याने पुसते," बायको म्हणाली. "कोरड्या." मिस्त्री नुसते बघत राहिले. "एक दिवस जरा ओलं होतं," ती म्हणाली. "चांगलंच ओलं होतं. लिहा."

तेही लिहिलं गेलं. मुलगा बोटीवर नोकरीला होता आणि तीन महिने समुद्रावर असल्यामुळे संशयातून आपोआप सुटला. अशा रीतीने घरातल्या सगळ्यांना विचारून झालं.

मिस्त्रींचा दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र चालायला लागलं, तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही, आणि न कळलेला बिघाड हा फक्त लपलेला असतो. सूनबाईला हे पटलं. तीन आठवडे ती एका दमात पाच उपाय करत होती आणि रोज नव्याने घाबरत होती. आता तिच्या हातात पेन आलं आणि निळं झालं की वेळ टिपायचं काम आलं.

सोमवारी दुपारी अपडेट काढून टाकलं आणि कॉम्प्युटरला कामाला जुंपलं. पन्नास मिनिटांनी निळं झालं. मिस्त्रींनी अपडेटवर काट मारली, एका संशयिताला सोडून दिल्याच्या समाधानाने. मग पेटीचं एका बाजूचं झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला. आता दोन तास दहा मिनिटं टिकलं.

"गरम झालं की बिघडतं," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे कुठेतरी काहीतरी धड टेकलेलं नाहीये. टेकलंय, पण मनापासून नाही. तापलं की सरकतं."

"सॉफ्टवेअर नसेल?"

"सॉफ्टवेअरला पंखा लावल्याने फरक पडतो का गं?"

सूनबाईने यावर थोडा विचार केला आणि पुढच्या प्रश्नापासून तिचा सूर बदलला. मंगळवारी सकाळी तिनेच शोधून काढलं, की कॉम्प्युटरची मेमरी तपासायची एक चाचणी असते. चाचणी लावली, आणि चाळीस मिनिटांनी काळ्या पडद्यावर एक लाल ओळ आली, मग दुसरी, मग लालच लाल. मिस्त्री इतके खूश झाले की त्यांनी बायकोला हाक मारून ते दाखवलं.

"एवढं काय आनंदाचं आहे त्यात?" बायको म्हणाली.

"अगं, कबूल झालं ते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कबूल झालं."

मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, शेजारशेजारच्या दोन खाचांत बसवलेल्या. सूनबाईने मोबाइलचा उजेड धरला आणि मिस्त्रींनी एक पट्टी काढली. एकीवर कॉम्प्युटर दीड तास निमूट चालला. तीच काढून तिच्या जागी दुसरी घातली, तरीही निमूट. मग तीच पट्टी शेजारच्या खाचेत घातली आणि अर्ध्या तासात लाल ओळी आल्या. पहिली पट्टी त्या खाचेत घातली, पुन्हा लाल. वहीत चार ओळी, चार वेळा आणि चार निकाल झाले. दोन्ही पट्ट्या चोख होत्या. खोट त्या एका खाचेत होती.

"बाबा, तुम्ही इंजिनिअर व्हायला पाहिजे होतं," सूनबाई म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं. मिस्त्रींना ते जेवणापेक्षा गोड लागलं. एवढ्यात त्यांना असं कुणी काही म्हटलं नव्हतं.

एकाच पट्टीवर काम भागेल का, हेही पाहून झालं. भागत नव्हतं. सूनबाईने टाइप केलेले शब्द चार-चार ओळी मागून रांगत येत होते. "म्हणजे वर्ग आधी हसणार आणि विनोद तिच्याकडे नंतर पोचणार," ती म्हणाली. "त्यापेक्षा निळं बरं."

बुधवारी सकाळी ती एका मैत्रिणीकडे दिवसभरासाठी कॉम्प्युटर मिळतो का ते विचारायला गेली. मैत्रिणीचा फोन लागत नव्हता, म्हणून समक्षच गेली. मिस्त्रींनी दुकानातल्या इंजिनिअरला फोन लावला आणि वही समोर ठेवून तारखा, वेळा, खाचा सगळं वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ नुसतं "हं, हं" आलं.

"काका, एवढं पद्धतशीर कुणी सांगत नाही मला," इंजिनिअर म्हणाला. "खाच गेली म्हणजे सगळं ज्यावर बसवलेलं असतं तो मुख्य बोर्डच बदलावा लागेल. मागवायला आठवडा जाईल."

"आठवडा नाही माझ्याकडे. उद्या दहा वाजता पाहिजे."

"मग एक सांगा. चांगला चाललेला बोर्ड असा आपोआप जात नाही सहसा. मधे प्रोसेसरवरच्या पंख्याला कुणी हात लावला होता का? चार स्क्रू असतात त्याला, स्प्रिंगवाले. ते जास्त कसले की बोर्डाला बाक येतो आणि प्रोसेसरखालचे बारीक पाय नीट टेकत नाहीत. मग मेमरीची एक बाजू सुटते. आणि गरम झालं की हमखास. अगदी असंच होतं. कुणी काही केलं होतं का?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "कुणी काही नाही केलं."

फोन ठेवला तरी त्यांचा हात फोनवरच राहिला. हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून ते पहिल्यांदाच येत होतं, आणि येताना किती सहज आलं होतं. गिऱ्हाइकं खोटं बोलत नव्हती की काय, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. आपण काही केलं नाही, असं त्या लोकांना खरोखरच वाटत असावं.

मग त्यांनी वहीचं एक पान मागे उलटलं. मिस्त्री घरातलं कामसुद्धा वहीत लिहायचे, इतकी ती सवय पक्की होती. कॉम्प्युटरच्या पानाच्या आदल्याच पानावर, बाथरूमच्या कडीच्या नोंदीखाली, त्यांच्याच गोलसर अक्षरात लिहिलं होतं: 'दहा तारीख. सूनबाईचा कॉम्प्युटर. आतला पंखा घुरघुरत होता. धूळ काढली, चारही स्क्रू कसले, प्रत्येकी अर्धा फेरा जास्त. आवाज बंद.' आणि खाली सही.

ती आईकडे गेली असताना, आल्यावर तिला बरं वाटावं म्हणून केलेलं काम होतं ते. आवाजाबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती. तो फक्त मिस्त्रींनाच सलत होता. अर्धा फेरा जास्त ही त्यांची जन्माची खोड होती. शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा अर्धा फेरा पचवतो, उलट त्याला तो आवडतो. आणि असल्या बारीकसारीक साफसफाईला ते कधी 'काही केलं' यात धरतच नसत.

"तोंड का उतरलं?" बायकोने दारातून विचारलं. मिस्त्रींनी वही तिच्याकडे सरकवली. तिने चष्मा लावून वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचलं.

"काखेत कळसा," ती म्हणाली, आणि पुढचं गावाला वळसा तिने दयेने गिळलं.

काम मात्र मिस्त्रींनी लगेच सुरू केलं, कारण वाईट वाटून घ्यायला नंतर वेळ होता आणि सहा वाजायला नव्हता. पेटी आडवी केली. दुकानातली पोलादी पट्टी आणून बोर्डावर कडेला उभी धरली आणि मागून उजेड टाकला. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड येत होता आणि मधे नाही. केसाएवढा बाक होता, पण होता. इंजिनिअरला पुन्हा फोन करून त्यांनी विचारून घेतलं. तो म्हणाला, पंखा उचलू नका, नुसते स्क्रू सैल करा, समोरासमोरचे, थोडेथोडे. मिस्त्रींनी एक सोडला, मग त्याच्या समोरचा, मग तिसरा, मग चौथा. प्रत्येकी अर्धा फेरा. चौथ्याला बोर्डातून बारीक 'टक्' असा आवाज आला, आणि पट्टीखालचा उजेड गेला.

दोन्ही पट्ट्या दोन्ही खाचांत बसवल्या आणि चाचणी लावली. चाळीस मिनिटं गेली, लाल ओळ नाही. तास गेला, दीड गेला, झाकण लावलं, टेबलफॅन बंद केला, खोली तापू दिली. अडीच तासांनी पडद्यावर एकच हिरवी ओळ होती, की चूक सापडली नाही.

बिघाड सापडला की मिस्त्रींना दुकानात जे सुख व्हायचं, ते त्यांना झालं. पण ते सुख पुरतं गळ्याखाली उतरेना. खुर्चीत बसून ते मनात जुळवाजुळव करू लागले. खाचेत कचरा होता, असं सांगितलं तर? कचरा सगळ्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये असतो. कुणाचं नाव नाही, कुणाला बोल नाही. यंत्र चालतंय, काम वाचतंय, सून इंजिनिअर म्हणतेय. आता सत्तरीला आल्यावर पुन्हा बिनकामाचा म्हातारा व्हायचं कशाला?

"खाचेत कचरा असू शकतो," ते बायकोला म्हणाले.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं नाही. "मी ओल्या फडक्याचं लगेच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि पुढची घडी घातली.

साडेचारला सूनबाई आली. मैत्रिणीचा कॉम्प्युटर मिळाला नव्हता. तिचंही उद्या काम होतं. दमून पर्स ठेवता ठेवता तिची नजर हिरव्या ओळीवर गेली आणि ती उभ्या उभ्या थबकली.

"दोन्ही पट्ट्या?"

"दोन्ही. दोन्ही खाचांत. अडीच तास."

तिने खुर्ची ओढली, चाचणी बंद केली, स्वतःचं सगळं सुरू केलं, पटापट चार पानं टाइप करून पाहिली. शब्द बोटांबरोबर येत होते. मग ती वळली. "बाबा, काय होतं नेमकं? नाही, थांबा. पत्रच लिहून टाकते. तुम्ही सांगा, मी लिहिते. तुमच्याच शब्दांत."

तिने बोटं ठेवली. मिस्त्री उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले.

"बिघाड बारा तारखेपासून आहे," त्यांनी सुरुवात केली. पडद्यावर तेच उमटलं. "मेमरीची एक खाच गरम झाल्यावर सुटत होती. कारण..." इथे त्यांनी घसा खाकरला, आणि सूनबाईने सवयीने कंसात 'खोकला' असं लिहिलं. "कारण, घरात कुणीतरी आतल्या पंख्याचे स्क्रू जास्त कसले होते."

शब्द उमटले. मिस्त्रींनी ते वाचले. 'कुणीतरी' पडद्यावर ठळक बसलेला होता. इतकी वर्षं सगळ्यांच्या घरात राहिलेला तो बिलंदर माणूस अखेर त्यांच्याच घरी येऊन टेकला होता.

"ते खोड," ते म्हणाले.

"बोललेलं खोडायची सवय नाही हो मला," सूनबाई हसत म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"मग राहू दे. पुढे लिही. कुणीतरी म्हणजे मी."

'कुणीतरी म्हणजे मी.' तिने ते लिहिलं, पूर्णविराम दिला, आणि मग तिची बोटं थांबली. तासात ती कधी थांबत नसत.

"तू आईकडे होतीस," मिस्त्री म्हणाले. "पंखा घुरघुरत होता, मला सहन होईना. दहा तारखेला कसला. मला वाटलं, मी बरं करतोय. तीन आठवडे तुझी मान खाली जात होती ती माझ्यामुळे, आणि मी वही घेऊन तुलाच विचारत बसलो. मला आज सकाळी कळलं. दुपारभर मात्र सांगू का नको, याचाच विचार करत बसलो होतो. मला लाज वाटली. हेही लिही."

"हे नाही लिहीत," ती म्हणाली. "हे तुम्ही मला सांगितलंत."

मग तिने डोळे पुसले, आणि मिस्त्रींना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ती म्हणाली, "तीन आठवडे मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय. काहीतरी नको ते दाबतेय मी. रात्री झोपताना सगळं आठवून बघायचे. तुम्ही एवढं आधी सांगितलं असतंत, तर..." ती थांबली. "कळलंच आज, म्हणा. जाऊ दे. राग आलाय मला थोडा. पण बरंच वाटतंय."

"राग असू दे," मिस्त्री म्हणाले. "तो रास्त आहे."

"उपाय काय केला, ते सांगा."

"तेच स्क्रू त्याच माणसाने अर्धा फेरा सैल केले. नंतर अडीच तास तपासलं. एकही चूक नाही."

तिने लिहिलं, आणि मिस्त्रींच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो जोडले, दहा तारखेचं पानही. त्यांनी अडवलं नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी पत्र गेलं. सहाला पाच मिनिटं असताना उत्तर आलं, तीनच ओळींचं. कारण समजलं. उद्या दहा वाजता तास ठरल्याप्रमाणे होईल. संबंधित गृहस्थांनी तोवर स्क्रू ड्रायव्हर कुणाकडे तरी जमा करावा.

स्क्रू ड्रायव्हर बायकोने मागून घेतला आणि कपाटात ठेवला.

गुरुवारी दहाच्या आधीच मिस्त्री सूनबाईच्या मागे, भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसले. तिनेच बसा म्हटलं होतं. कोपऱ्यातल्या चौकटीत वर्ग भरला. पहिल्या बाकावर ती मुलगी आली, तिने पडदा सरळ केला. पहिला तास गेला. मिस्त्री दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. दुसरा तास गेला. खोली तापली, सूनबाईची बोटं धावत होती आणि पडदा पडद्याच्या रंगाचाच राहिला. एव्हाना मिस्त्रींना खात्री पटली होती. चांगला बसलेला स्क्रू हाताला कळतो, तसं त्यांना ते कळलं.

साडेबाराच्या सुमाराला सर पोटात अडकलेल्या वस्तूंवर आले. सूनबाई लिहीत होती आणि मिस्त्री तिच्या खांद्यावरून वाचत होते. 'मालकाला पहिला प्रश्न विचारायचा, कुत्र्याने काय खाल्लं? मालक शपथेवर सांगतो, काही नाही. एकाने तर मला घरातल्या प्रत्येकाची साक्ष दिली. मी एक्स-रे काढला. पोटात मोजा होता. मी खाली बघितलं, तर मालकाच्या एका पायात मोजा नाही.'

चौकटीत वर्ग हसला. आणि त्याच क्षणी पहिल्या बाकावरची मुलगी हसली. आधी नाही आणि नंतरही नाही, सगळ्यांबरोबर. हसता हसता ती शेजारणीकडे वळली, आणि शेजारीण तिच्याकडे. सूनबाईची बोटं थांबली नाहीत. तिने कंसात 'हशा' असं लिहिलं, पण तिचे खांदे हलत होते. ती त्या मोज्याला हसतेय की मागे बसलेल्या माणसाला, ते मिस्त्रींना कळेना. त्यांचे स्वतःचे कान तापले होते, आणि तोंडावर हात दाबून तेही हसत होते.

हशा ओसरला तेव्हा खोलीत एक बारीक आवाज ऐकू आला. पेटीतला पंखा घुरघुरत होता, पूर्वीसारखा, अगदी हळू. मिस्त्रींचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

बायको दारात येऊन उभी होती. "आवाज येतोय हो," ती हळूच म्हणाली.

मिस्त्रींनी हात पुन्हा मांडीवर ठेवला.

"येऊ दे," ते म्हणाले.